उजव्या कानातलं नाव

माझ्या भाच्याला दोन नावं आहेत. एक महापालिकेच्या दाखल्यावर आहे आणि दुसरं त्याच्या उजव्या कानात. कानातलं मी ठेवलेलं आहे.

दाखल्यावरचं नाव कियांश. कानातलं गिदोन. (हो, गिदोन. तुम्ही बरोबर वाचलंत. पहिल्यांदा ऐकणारे सगळेच इथे थांबतात.) डोंबिवलीत जन्मलेल्या, डिंकाच्या लाडवांवर पोसलेल्या आईच्या मुलाच्या कानात एका इब्री, म्हणजे ज्यू, योद्ध्याचं नाव कसं शिरलं, हे मला आजवर इतक्या लोकांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकते. चूक माझी आहे, हे सुरुवातीलाच कबूल करते. पण फक्त माझी नाही, हेही सुरुवातीलाच सांगते!

बाळाचं नाव आत्याने ठेवायचं असतं. हा काही मी काढलेला नियम नव्हे. आई नऊ महिने पोटात वाढवते, बाप हॉस्पिटलच्या खेपा घालतो, आजी रात्रंदिवस शेक-शेगडी सांभाळते, आणि या सगळ्या धामधुमीत आत्याच्या वाट्याला एकच काम येतं. बारशाच्या दिवशी पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात 'कुर्र्र' करायचं आणि नाव सांगायचं. त्याबद्दल बक्षीस काय, तर जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात! असा हा मान आहे, मार खाऊन मिळवायचा. तरी मला तो हवा होता. माझा भाऊ पराग माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सातवीत होता. त्याचे डबे मी केले, त्याच्या प्रगतिपुस्तकांवर बाबांच्या सह्या मी केल्या (बाबांना आजही माहीत नाही, आणि आता ते सांगण्यापलीकडे गेलेत). मी लग्न केलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण एका माणसाचं नाव आपण ठेवलंय आणि तो ते आयुष्यभर अंगावर घेऊन फिरणार आहे, ही एक गोष्ट मला मनापासून हवी होती. एवढीच.

गुरुजींनी पत्रिका मांडली आणि अक्षर काढलं, 'गि'.

आता तुम्हीच सांगा, 'गि'वरून नावं असतात किती? तरी मी ठाण्यात कोपरीतल्या माझ्या घरी बसून, ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, वहीत यादी केली आणि परागला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण माझी भावजय सायली कुठलाही निर्णय स्पीकरशिवाय घेत नाही.

"गिरीश," मी सुरुवात केली.

"ताई, आमच्या वॉटरप्रूफिंगवाल्याचं नाव गिरीश आहे," पराग म्हणाला.

"मग?"

"अगं, अजून गळतंय."

"बरं. गिरिधर?"

"म्हातारं वाटतं गं."

"अरे, तोही म्हातारा होणारच आहे ना कधीतरी!"

"गीतेश आमच्या बी विंगमध्ये आहे," सायली मधेच म्हणाली. मी अजून गीतेश उच्चारलंही नव्हतं! "आणि ताई, परदेशात लोकांना म्हणता आलं पाहिजे. आणि तीनच अक्षरं हवीत. आणि अर्थ कसा दमदार हवा, वॉरिअर टाइप."

"वॉरिअर? सायली, तो स्वतःच्या शिंकेला दचकतो!"

पंचवीस मिनिटांत त्यांनी माझी अख्खी यादी आडवी केली. गिरिजात्मज फॉर्मच्या चौकोनात मावणार नाही म्हणून गेलं, गिरिराज जाड वाटतं म्हणून गेलं. नाव जाड कसं वाटतं, हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी पराग अगदी लाडात येऊन म्हणाला, "ताई, तू अजून शोध ना. तुझाच मान आहे. तू कानात सांगशील तेच नाव." या वाक्यावर मी पुढचा एक महिना जगले, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आमच्या तळमजल्यावर शिमोन काका राहतात. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांचं घराणं ठाण्यात आमच्याही आधीपासूनचं. काकांच्या दाराच्या चौकटीवर एक छोटी तिरकी नळी ठोकलेली आहे, आत पवित्र वचनं असतात, आणि काका आत-बाहेर करताना तिला बोटं लावून ओठांना लावतात. लहानपणी मी, आणि नंतर पराग, त्यांच्याकडे खेळायला जाताना तसंच करायचो, आणि मग घरी येऊन आमच्याही चौकटीला करायचो. (आमच्या चौकटीला तिथे विजेचं बटण होतं.) नोकरीतून निवृत्त झाल्यापासून काका चार कामं करतात. बंद पडलेल्या वस्तू दुरुस्त करणं, सुरू असलेल्या वस्तू उघडून पाहणं, धर्मग्रंथ वाचणं, आणि शुक्रवारी दुपारी शनिवारच्या शब्बाथचा स्वयंपाक. मी तणतणत खाली उतरले तेव्हा ते नारळ खवत होते.

"काका, 'गि'वरून नाव सांगा. योद्ध्याचं. तीन अक्षरी. परदेशात चालणारं. आणि डोंबिवलीच्या बी विंगमध्ये नसलेलं!"

काकांनी मान वर न करता सांगितलं, "गिदोन."

मी मटकन खुर्चीत बसले.

"माझ्या थोरल्या भावाचं नाव," काका म्हणाले. "तो तरुणपणीच इस्रायलला गेला, तू बघितला नाहीस. पण मूळचा गिदोन फार जुना. आमच्या शास्त्रातला मोठा वीर. शत्रू किती, तर टोळ उतरल्यासारखे. उंट मोजायला गेलीस तर वाळू मोजल्यासारखं. आणि याच्याकडे माणसं किती? तीनशे!"

"मग?"

"मग काय! एकेकाच्या एका हातात शिंग, दुसऱ्या हातात मडकं, मडक्यात पेटती मशाल."

"आणि तलवार?"

"तलवारीला हात उरला कुठे गं बाय? चहूबाजूंनी शत्रूला घेरलं, एकदम मडकी फोडली, मशाली दाखवल्या, शिंगं फुंकली. असा गलका झाला की ते लोक आपसातच एकमेकांना कापत सुटले!"

मडकी फोडून लढाई जिंकली! मी ऑफिसात वीस वर्षं नुसत्या आवाजाच्या जोरावर टिकून राहिलेली बाई. मला हा माणूस तिथल्या तिथे आवडला. मी चपला शोधायला लागले.

"अगं, थांब," काका म्हणाले. "ही शेवटची गोष्ट झाली. आधीची ऐक. नावाचा अर्थ तिच्यात आहे."

"काका, योद्ध्याच्या नावाचा अर्थ योद्धाच असणार! वेगळा काय असणार?"

"तसं नसतं गं बाय..."

पण बाय जिन्यावर पोचली होती.

वर येऊन परागला फोन केला. "गिदोन," मी म्हणाले, आणि भांडणाच्या तयारीने पदर खोचला.

"गिदोन? हां. मस्त आहे ताई. डन."

नऊ सेकंद! ज्या माणसाने गिरीशच्या गळतीवर चर्चा केली, तो गिदोनला नऊ सेकंदांत हो म्हणतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. माझ्या नाही आलं. मला भरून आलं. मी फोन ठेवून थोडी रडले, मग तोंड धुतलं आणि कार्डं करायला बसले.

माझं अक्षर चांगलं आहे, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. जाड कागदावर बोरूने मी सुंदर लिहिलं, 'गिदोन', आणि खाली छोट्या अक्षरांत अर्थ. आता अर्थ मला माहीत नव्हता. पण योद्धा म्हटल्यावर तो असून असून काय असणार! मी लिहिलं, 'रणधीर. कुळाची कीर्ती वाढवणारा.' जागा उरली म्हणून आणखी एक ओळ घातली, 'वाडवडिलांनी उभारलेलं जपणारा.' ही शेवटची ओळ सुचली तेव्हा मी स्वतःवर इतकी खूष झाले की त्याच्या शंभर प्रती काढल्या.

बारसं डोंबिवलीला, सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. पराग त्याच्या सासऱ्यांच्याच सोसायटीत फ्लॅट घेऊन राहत होता. (हाही माझ्या रागाचा विषय आहे, पण वेगळा.) सासरे म्हणजे अण्णा. सोसायटीचे कायमचे अध्यक्ष. आवारात एक जुना पिंपळ आहे आणि त्याच्याभोवती अण्णांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेला दगडी पार. संध्याकाळी सगळे म्हातारे त्या पारावर असतात. आता नवीन इमारतीसाठी बिल्डरला तो पार आणि पिंपळ दोन्ही नको होते, आणि अण्णांनी गेली दोन वर्षं त्याच्याविरुद्ध पत्रांचा मारा चालवला होता. फलकावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'हा पार कुणाच्या बापाचा नाही, सर्वांचा आहे.'

हॉलच्या दारात मी अण्णांच्या हातात पहिलं कार्ड ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. खिडकीतून पाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "वाडवडिलांनी उभारलेलं जपणारा. वा! ताई, तुम्ही नाव नाही, आशीर्वाद शोधलात."

शिमोन काका माझ्याबरोबर आले होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात मलिद्याचा डबा. (गोड पोहे, खोबरं, सुकामेवा, फळं. शुभकार्याला त्यांच्याकडे करतात.) त्यांनीही एक कार्ड घेतलं. पण चष्मा घरी राहिल्याने ते त्यांनी तसंच खिशात ठेवलं. त्या चष्म्यावर माझी पुढची सगळी अब्रू अवलंबून होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

मग पाळणा. बायकांनी बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं आणि माझी पाळी आली. मी वाकले. सायलीच्या मावशी माझ्या मागे उभ्या होत्या, हे मला पहिल्या धपाट्याला कळलं. या बाईंचा हात रोज शेर-दोन शेर कणीक तिंबणारा असावा.

"कुर्र्र्र... गि..." धप! "...दो..." धप! "...न!" धप!

तीन वेळा सांगायचं म्हणजे नऊ धपाटे झाले. तिसऱ्या फेरीला माझा चष्मा उडून पाळण्यात पडला, बाळाने तो पायाने दाबून धरला, आणि मी आंधळ्यासारखी सरळ झाले.

"काय नाव ठेवलं गं?" बायकांनी विचारलं.

"गिदोन!" मी छाती काढून म्हणाले.

आणि त्याच क्षणी हॉलच्या मागच्या भिंतीवरचा पडदा सर्रकन बाजूला झाला. फुगे, झगमगती झालर आणि मधे केवढी मोठी सोनेरी अक्षरं, 'कियांश'. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि एकट्यानेच थांबवली.

खरं सांगते, मला आधी वाटलं आमच्यानंतर हॉलमध्ये दुसऱ्या कुणाचं तरी बारसं आहे.

"हा कियांश कुणाचा?" मी विचारलं.

पराग शर्टाच्या बटणाशी खेळायला लागला. "ताई, म्हणजे कसंय... तो नावाचा फॉर्म भरून द्यायचा होता. मी तुला सांगणारच होतो."

"कधी?"

"आत्ता... जेवणानंतर."

"दाखला निघाला?"

"निघाला."

"कधी?"

इथे सायलीने पदराने बाळाला वारा घालायला सुरुवात केली. (हॉल एसी होता.) पराग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "बाळ तीन आठवड्यांचं होतं ना, तेव्हा."

बारसं होतं सातव्या आठवड्यात! म्हणजे माझी यादी, माझी अर्ध्या दिवसाची रजा, गिरिजात्मज, गिरिराज, जाड-बारीक, हे सगळं चालू होतं तेव्हा दाखला त्यांच्या कपाटात घडी घालून ठेवलेला होता!

"मग मी यादी कशाला करत होते?"

"तुला आवडतं ना यादी करायला," पराग म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाठ माझी वापरायची आणि नाव तुमचं ठेवायचं? मी काय भाड्याने आणलेली आत्या आहे? मांडव, खुर्च्या, आत्या! तुझ्या प्रगतिपुस्तकावर सह्या करताना चाललं माझं अक्षर, आणि मुलाच्या नावाच्या वेळी तुला फॉर्म आठवला? आणि काय रे, कियांश म्हणजे काय?"

"छान अर्थ आहे ताई," सायली म्हणाली.

"कुठल्या भाषेत?"

तिने मोबाइल उघडला. "एका ठिकाणी सर्वगुणसंपन्न दिलंय... दुसऱ्या ठिकाणी देवाचा अंश... थांबा, नेट स्लो आहे."

"बघा! अर्थासाठी नेट लागतं! माझं नाव घ्या, अर्थ कार्डावर छापलेला आहे!"

हे वाक्य मी का बोलले, याचा पश्चात्ताप मला आजही होतो. कारण अण्णा उठले. हातात माझं कार्ड. "सायली, पराग," ते म्हणाले, "तुम्ही चुकलात. आत्याने कानात सांगितलं ते नाव. कागद काय, बदलता येतो. आणि काय नाव आहे! वाडवडिलांनी उभारलेलं जपणारा. या सोसायटीत आज अशाच माणसाची गरज आहे." पाराच्या बाजूचे सगळे म्हातारे टाळ्या वाजवायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी. पाठ दुखत होती, पण ताठ होती. मी जिंकले होते!

तेवढ्यात अण्णांनी माइक काकांसमोर धरला. "आपल्यात हे नाव ज्यांच्या परंपरेतलं आहे असे ज्येष्ठ बसलेत. शिमोनराव, जरा सगळ्यांना नावाची माहिती सांगा."

काकांनी माइक घेतला. खोटं बोलायचं काकांना आयुष्यात कधी जमलं नाही आणि अर्धं सांगायचं तर मुळीच नाही.

"गिदोन," त्यांनी सावकाश सुरुवात केली. "हे इब्री नाव. ज्या शब्दावरून ते आलं त्याचा अर्थ तोडणं, घाव घालून पाडणं. गिदोन म्हणजे तोडणारा. लाकूडतोड्या म्हणा हवं तर."

माझ्या शेजारच्या बाईंच्या तोंडातली घुगरी चावायची राहिली.

"त्याच्या बापाने एक वेदी बांधलेली होती. वेदी म्हणजे मोठा दगडी चौथराच समजा. शेजारी एक झाड, गावाला पूज्य. या गिदोनने काय केलं, दहा गडी घेतले, बापाचाच बैल घेतला, आणि एका रात्रीत तो चौथरा फोडला. झाड तोडलं. आणि त्याच झाडाची लाकडं करून जाळली."

मी काकांना डोळ्यांनी खुणा करत होते. काकांचा चष्मा घरी होता. माझा पाळण्यात होता.

अण्णा हळूच म्हणाले, "चौथरा कुणाचा म्हणालात?"

"बापाचा."

"स्वतःच्या बापाचा?"

"स्वतःच्या."

"आणि झाडही?"

"मुळापासून," काका म्हणाले.

अण्णांनी खिडकीतून पिंपळाकडे पाहिलं. मग कार्डाकडे पाहिलं. मग ते कार्ड त्यांनी माइकसमोर मोठ्याने वाचलं, शाळामास्तर मुलाची वही वाचतात तसं. "वाडवडिलांनी उभारलेलं जपणारा." आणि मला विचारलं, "ताई, हे कुठून आलं?"

शंभर कार्डं हातात असलेली माणसं माझ्याकडे पाहत होती.

"मला... सुचलं," मी म्हणाले.

पराग इतका वेळ मान खाली घालून उभा होता, त्याला एकदम कंठ फुटला. "म्हणजे ताई, तू अर्थ न बघताच..."

"तू गप्प बस! तू मला न विचारता..."

"तू काकांना न विचारता..."

"मी विचारलं होतं! पूर्ण ऐकलं नव्हतं!"

मागून कुणीतरी पुटपुटलं की बिल्डरला कळलं तर तो पहिला पेढे वाटेल. अण्णा खुर्चीत बसले. "अध्यक्षाचा नातू, तोडणारा," ते स्वतःशीच म्हणाले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो, त्यामुळे मी परागकडे, सायलीकडे, काकांकडे आणि मावशींच्या हाताकडे आळीपाळीने रागाने पाहत राहिले.

"अजून थोडं राहिलंय," काका माइकमध्ये म्हणाले.

"नको!" सगळा हॉल ओरडला.

काकांनी ऐकलं नाही. ते म्हणाले, "सकाळी गाव उठलं. चौथरा नाही, झाड नाही. लोक बापाच्या दारात आले, तुझ्या पोराला बाहेर काढ, त्याला मारतो. तेव्हा आडवा कोण आला? बापच. ज्याचा चौथरा मोडला तोच. म्हणाला, ज्याची वेदी मोडली तो देव आपला तंटा आपण लढेल, तुम्ही मधे पडू नका. त्या दिवशी त्या तंट्यावरूनच गिदोनला दुसरं नाव पडलं, यरुब्बाल. पहिलं कुणी पुसलं नाही. शास्त्रात दोन्ही लिहिलीत. माणूस एकच." आणि त्यांनी माइक खाली ठेवला, मलिद्याचा डबा उघडला.

अण्णा उठून पाळण्यापाशी गेले. बाळ माझ्या चष्म्याची काडी मुठीत धरून झोपलं होतं. अण्णांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. "दाखल्यावर आहे ते राहू दे," ते शेवटी म्हणाले. "आणि कानात गेलंय ते काही आता बाहेर निघत नाही. पण ताई, ती कार्डं तेवढी परत गोळा करा."

मी कार्डं गोळा केली. शंभरातली अठ्ठ्याण्णव मिळाली. एक अण्णांनी दिलंच नाही आणि एक काकांच्या खिशात राहिलं.

बेसिनपाशी तोंडावर पाणी मारत होते तेव्हा सायली मागे येऊन उभी राहिली. "सॉरी ताई. खरंच. आम्ही सांगायला हवं होतं. तुम्ही चिडाल म्हणून राहिलं."

"मी कुठे चिडते?" मी ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मीही चुकले. काकांचं पूर्ण ऐकायला हवं होतं."

"आणि खरं सांगू? मला गिरिधर आवडलेलं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस!" हे मात्र मी हॉलमध्ये ऐकू जाईल असं म्हणाले.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. पिंपळ आणि पार अजून जागेवर आहेत, अण्णांची पत्रंही चालू आहेत. पराग आणि सायली ठाण्यातच माजिवड्याला राहायला आले आणि दोघं कामावर जातात म्हणून दुपारी भाचा माझ्याकडे असतो. जगात त्याला गिदोन म्हणणारी माणसं दोनच, मी आणि शिमोन काका. आणि नाव लागू पडलंय हो! माझ्या रेडिओची कांडी, पेटीच्या दोन पट्ट्या, तुळशीची कुंडी, आईच्या वेळची बरणी, तीन चष्मे. दिवसभर माझ्या घरात एकच आरोळी असते, "गिदोन, नको तोडू!" काका खालून आवाज देतात, "तोडू दे गं बाय, मी जोडून देतो." तुटलेल्या वस्तू घेऊन तो त्यांच्याकडे उतरतो, जाताना चौकटीवरच्या नळीला हात पुरत नाही म्हणून काका उचलून धरतात. वर येतो तेव्हा माझ्या मांडीवर चढून कानात सांगतो, "आत्या, जोललं." त्या वेळी मला सगळ्या जगाचा राग विसरायला होतो, साधारण पाच मिनिटं.

गेल्या महिन्यात त्याला शाळेत नेलं. आईवडिलांना सुट्टी मिळेना. कागद द्यायचे आणि मूल दाखवायचं एवढंच काम होतं, म्हणून मीच गेले. बाई गोड होत्या. त्याच्यासमोर वाकून म्हणाल्या, "बाळा, तुझं नाव काय?"

"गिदोन," तो खणखणीत म्हणाला.

मी तुम्हाला सांगते, नऊ धपाटे वसूल झाले!

"अरे वा. गिदोन म्हणजे काय?"

"नको तोडू," तो म्हणाला.

मला हसावं की रडावं कळेना. ज्या अर्थासाठी मी शंभर कार्डं वाया घालवली, तो या पोराला माझ्या ओरडण्यावरून बिनचूक समजला होता. पण बाईंच्या हातात दाखला होता. "मॅडम, इथे कियांश आहे. हे मूल तेच आहे ना?"

तेच आहे ना! मग मात्र माझा तोल गेला. आत्याचा मान, फॉर्म, तिसरा आठवडा, सातवा आठवडा, धपाटे, गिरिधर, मी बाईंना सगळं सांगितलं. मधे दारावरचा वॉचमन दोनदा डोकावून गेला. बाजूच्या खोलीतलं एक मूल रडायला लागलं. बाईंनी शांतपणे एक कोरा कागद पुढे केला. "एवढं लिहून द्या, की मुलाचं नाव कियांश आहे, आणि दुसरं कुठलंही नाव नाही."

बाहेर पंधरा पालक खोळंबले होते. मी पेन काढलं आणि माझ्या त्याच सुंदर अक्षरात लिहून दिलं की सदर मुलाचं नाव गिदोन नाही, आणि खाली सही केली.

बाईंनी सही वाचली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा सही वाचली, आणि जरा चाचरत म्हणाल्या, "मॅडम, तुमचंही ओळखपत्र दाखवता का?"

"का? माझ्या नावात काय खोट आहे?" मी टेबलावर हात आपटून विचारलं.

"खोट नाही," बाई म्हणाल्या, "पण इथे 'नम्रता' लिहिलंय."